परबनानांचे आठ वाटे

फुटबॉलच्या मॅचला येऊन मैदानाकडे पाठ करून उभा राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. परबनाना. रविवारी सकाळी लालबागच्या आमच्या गिरणीमागच्या मैदानात मॅच सुरू व्हायची. दोन्ही बाजूंनी शिट्ट्या, आरडाओरडा, मधूनच कुणाच्या तरी आईचं 'अरे गुडघा सांभाळ', आणि हे गृहस्थ रेषेकडे पाठ करून प्रेक्षकांच्या तोंडाकडे बघत उभे. गोल झाला की सगळे मैदानाकडे बघून उड्या मारत आणि नाना उड्या मारणाऱ्यांकडे बघत. नवख्या माणसाला हा साध्या वेशातला पोलीसच वाटायचा.

"नाना, जरा मॅच बघा की," मी एकदा म्हणालो.

"मॅच काय बघायची? मॅच यांच्या तोंडावर दिसते. चालू आहे की संपली, ते."

नाना जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्यावर लिहायचं म्हणजे पंचाईत आहे, कारण त्यांनी स्वतः कधी बॉलला पाय लावलेला कुणी पाहिला नव्हता. ते पोस्टमन होते. मालवणजवळच्या गावातून वडिलांच्या मागोमाग मुंबईला आले, वडील गिरणीत आणि हे पोस्टात. गोविंद निवासच्या दुसऱ्या माळ्यावर राहिले आणि लालबाग-परळचे जिने चढण्या-उतरण्यात नोकरी संपवली. ठेंगणा, काटक माणूस. सायकल सोडून जमाना झाला तरी उजव्या पायाच्या पँटीला क्लिप लावलेली असे. काढायची राहिली असं सांगत, पण मला वाटतं क्लिपेशिवाय त्यांना कामावर असल्यासारखं वाटत नसावं.

नोकरीची आणखी एक खोड त्यांच्या तोंडात राहिली होती. ते खेळाडूंना नावाने ओळखतच नसत, पत्त्याने ओळखत. "लक्ष्मी भुवन, तिसरा माळा, खोली एक्केचाळीस. उजवा पाय चांगला, राग वाईट." "खोली नऊ? तो मागे बघत नाही, पण त्याला पुढे दिसतं छान." मी खोली अठ्ठावीस. माझ्याबद्दलचं त्यांचं मत मी लपवणार नाही. "अठ्ठावीस पळत नाही," ते म्हणत, "पण जागाही सोडत नाही." डाव्या बाजूला मागे उभं राहण्यात माझी पंधरा वर्षं गेली ती या एका शिफारशीवर.

आमच्या लीगमध्ये आठ चाळी होत्या. संक्रांत झाली की लीग सुरू आणि शिमग्याच्या आत संपलीच पाहिजे, कारण शिमग्याला निम्मी माणसं कोकणात पळत. आठ संघ, प्रत्येकाची प्रत्येकाशी एक मॅच, म्हणजे सात रविवार. हिशोब चोख बसे. पूर्वी ज्या चाळीत पोरं जास्त आणि धट्टीकट्टी, तिथेच दरवर्षी ढाल जायची. हरणाऱ्या चाळींनी हळूहळू यायचं बंद केलं, आणि एका वर्षी चारच संघ उरले. तेव्हा नाना कमिटीच्या बैठकीत पहिल्यांदा उभे राहिले. त्यांना बोलावलेलं नव्हतं, ते कुणाचं तरी रजिस्टर पत्र द्यायला आले होते.

"आमच्या गावात रापण वडतत," ते म्हणाले. किनाऱ्यावरून जाळं ओढायला पन्नास माणसं लागतात, म्हणून मासळीचे वाटे घालतात, हे त्यांनी समजावून सांगितलं. एकाने वाळूवर सारखे ढीग करायचे. दुसऱ्याने ढिगांकडे पाठ करून उभं राहायचं. पहिला एका ढिगावर हात ठेवून विचारणार, 'ह्यो वाटो कोणाचो?' आणि पाठमोरा माणूस न बघता नाव घेणार. ढीग करणाऱ्याला आपल्या वाट्याला कुठला येईल ते ठाऊक नसतं, म्हणून तो सगळेच नीट करतो. "खेळाडूंचे तसेच वाटे घाला. चाळ कुठली का असेना, पोरगो सगळ्यांचो."

कमिटी हसली. पण चार संघांची लीग चालवून तेही कंटाळले होते. म्हणाले, तुम्हीच घाला.

तेव्हापासून वीसेक वर्षं संक्रांतीनंतरच्या शनिवारी दुपारी गोविंद निवासच्या अंगणात सतरंजी पडायची. नाना बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन बसत. डब्यात प्रत्येक खेळाडूचं एकेक कार्ड. पोस्टात पत्रं लावावीत तशी ती कार्डं भराभर आठ ढिगांत पडत, मग हात थांबे, एखादं कार्ड इथून तिथे जाई, पुन्हा परत येई. गेल्या वर्षीच्या विजेत्या संघाचा कप्तान भिंतीकडे तोंड करून उभा. मग नानांचा आवाज: "ह्यो वाटो कोणाचो?"

एका वर्षापुरते तुम्ही भलत्याच चाळीचे होत होता. लक्ष्मी भुवनातला पोरगा गोविंद निवासची जर्सी घालून लक्ष्मी भुवनावर गोल मारायचा आणि त्याची आई टाळी वाजवावी की शिव्या द्याव्यात या विचारात अर्धं मिनिट गप्प राहायची. पहिल्या रविवारी ज्या चाळीच्या वाट्याला तुम्ही आलात तिने तुम्हाला नाश्ता घालायचा, हा नानांचाच नियम. त्या कांदेपोह्यांवर मी सहा चाळी फिरलो. अजून कुठल्या चाळीत कुणाच्या हाताला मीठ जास्त आहे ते मी सांगू शकतो.

नाना कुठल्याच संघासाठी ओरडत नसत. "ज्याने वाटे घातले त्याने ओरडायचं नाही," हा नियम त्यांनी स्वतःलाच घालून घेतला होता. गोविंद निवासने वीस वर्षांत एकदाही ढाल जिंकली नव्हती. सुलभाकाकू, त्यांची बायको, दर शिमग्याला चिडायच्या. "जगाक बरे वाटे घालतात, घराक कित्याक नाय?" नाना पँटीची क्लिप नीट करत बसायचे.

त्यांची कसोटी एकच होती. सहावा रविवार. त्या दिवशी ते मला गाठून विचारत, "किती जण अजून आशेवर आहेत?" म्हणजे ढाल जिंकण्याची शक्यता अजून कितींना आहे. चार म्हटलं की खूश. पाच म्हटलं की चहा पाजत. दोन म्हटलं की दुसऱ्या दिवशी डबा उघडून बसत आणि कुठे चुकलं ते शोधत.

एकदा तर फारच चुकलं. त्या वर्षी लक्ष्मी भुवनाच्या वाट्याला सावंत नावाचा गोलकीपर आणि घाग नावाचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, एकत्र आले. दोघेही नावाजलेले. ढीग लागत असतानाच लोकांनी कुरकुर केली होती की हा ढीग जड झाला, म्हणून नानांनी त्यात बाकी सगळे माझ्यासारखे भरले होते. पहिल्या मॅचला बॉल सावंत आणि घाग यांच्या मधून टप्पा खात गेला. दोघे एकमेकांकडे बघत राहिले, एकही 'माझा' म्हणून ओरडला नाही. गोल. दुसऱ्या मॅचला तेच, तिसऱ्याला तेच. मागे मीच उभा होतो, त्यामुळे ते दृश्य मला फार जवळून बघायला मिळालं.

चौथ्या रविवारी सावंतांची स्नेहल, तेव्हा कॉलेजात होती, नानांपाशी आली. "नाना, मला विचारायचं ना. बाबा आणि घागकाका गणपतीपासून बोलत नाहीत."

"का गो?"

"गॅलरीत चपलांचं कपाट कुणाच्या बाजूला ठेवायचं यावरून."

नाना मटकन खाली बसले. "वाटे बरोबर होते गो. कपाट मोजायचं राहिलं." मग म्हणाले, "रिटायर झालो नि बातमी बंद झाली. पूर्वी जिन्यात पाय ठेवला की कळायचं कुठल्या दारात काय शिजतंय." त्या वर्षापासून दिवाळीनंतर ते आठही चाळींत चहाला फिरू लागले. पाय पाहायला नव्हे, कोण कुणाशी बोलतो ते पाहायला. संघ म्हणजे अकरा चांगले नव्हेत, एकमेकांना पुरणारे अकरा, असं ते म्हणू लागले ते या कपाटापासून.

मी पुढे शिकून एका व्यावसायिक फुटबॉल क्लबात लागलो, खेळाडू निवडण्याच्या खात्यात. काचेची इमारत, मोठाले पडदे, खेळाडूच्या प्रत्येक पासाचा आकडा. जगात बऱ्याच ठिकाणी श्रीमंत दोन-तीन क्लब चांगले खेळाडू उचलतात आणि ढाल आपापसात फिरवत राहतात, हे मला तिथे कळलं. काही देशांत तळाच्या संघाला नव्या खेळाडूंतून आधी निवडू देतात, पगारावर मर्यादा घालतात. यावर आमच्याकडे तासन् तास बैठका चालत. मी एकदा नानांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे त्यांका पण सहावा रविवार आसा." आणि विषय त्यांच्या लेखी संपला.

विद्या फार झाली की माणूस माती खातो, तशी मी खाल्ली. तेव्हा मी लीगचा सेक्रेटरी होतो. कदमशेठ म्हणून गोविंद निवासमध्येच वाढलेले एक गृहस्थ बांधकामात वर आले होते. मन मोठं, गळ्यात चेनही मोठी. ते म्हणाले, लीगला नवं रूप देऊ. रंगीत जर्सी, ॲम्ब्युलन्स, मॅच मोबाइलवर दिसेल. फक्त वाटे बंद. प्रत्येक संघाला एक मालक, आणि खेळाडूंवर बोली. "मालकाला आपला माणूस निवडता आला पाहिजे ना, नाना? नाहीतर तो पैसा कशाला लावेल?"

बैठकीत हात वर करायला सांगितले. आठ कप्तान आणि मी. नाना डबा मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसले होते. बोलीचे फायदे मी क्लबात ऐकलेल्या भाषेत सगळ्यांना समजावले आणि माझाही हात वर केला. सगळेच हात वर होते. नानांनी ते एकेक करून पाहिले. माझ्यापाशी आल्यावर म्हणाले, "अठ्ठावीस, पहिल्यांदा जागा सोडलीस रे." रागाने नव्हे. डबा उचलला आणि जिना चढून गेले. मला आजही तो हात खाली घ्यावासा वाटतो.

बोली झकास झाली. औषधांचा दुकानवाला, केटरिंगवाला अशा बाकीच्या मालकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे चार-चार बरे खेळाडू घेतले आणि उरलेलं सगळं सोनं कदमशेठनी गोविंद निवाससाठी उचललं. त्यात आमच्या भागातला सगळ्यात चांगला फॉरवर्ड रोहन होता, विठ्ठल सदनातला, खोली सतरा. पण शेठनी एका फॉरवर्डवर न थांबता तीन घेतले होते. त्यामुळे सातपैकी चार मॅच रोहन रंगीत जर्सी घालून बाकावर बसला. जो पोरगा कुठल्याही संघात राजा झाला असता तो तिथे पाण्याच्या बाटल्या सरकवत होता.

गोविंद निवास प्रत्येक मॅच जिंकत गेला. तिसऱ्या रविवारी गर्दी निम्मी झाली. पाचव्या रविवारी एका संघाचे आठच जण आले. सहाव्या रविवारी दोन संघ आलेच नाहीत. मोबाइलवर मॅच दिसत होती, पण बघायला कुणी नव्हतं. नाना मात्र आले. नेहमीच्या जागी मैदानाकडे पाठ करून उभे राहिले. त्यांच्यासमोर रिकाम्या पायऱ्या होत्या. तरी पूर्ण मॅचभर उभे राहिले, आणि मला प्रश्न विचारला नाही.

ढाल गोविंद निवासला मिळाली. जन्मात पहिल्यांदा. ताशा वाजवत ती चाळीत आणली आणि कदमशेठ स्वतः ती घेऊन दुसऱ्या माळ्यावर नानांच्या दारात आले. काकूंनी हळदकुंकू लावलं, डोळे पुसले. मी मागे जिन्यात उभा होतो, वर जायचा धीर होत नव्हता. नानांनी ढाल हातात घेतली, वजन पाहिलं.

"बरी आसा," म्हणाले.

कदमशेठ तिथेच उंबऱ्यावर बसले, झकपक कपड्यांसकट. "नाना, खरं सांगू? मजा नाही आली. लहानपणी आपण हरायचो ना, तेव्हा सुद्धा सातव्या रविवारपर्यंत मला झोप लागायची नाही. यंदा मी चौथ्या मॅचला फोन बघत बसलो होतो. माझ्याच टीमची मॅच." मग म्हणाले, "वाटे घाला परत. जर्सी, ॲम्ब्युलन्स सगळं देतो. मालकी नको मला."

मला वाटलं नाना आता डबा काढतील. पण त्यांनी जिन्याकडे बघून मला हाक मारली, "अठ्ठावीस, वर ये. लपतोस काय?" मी गेलो. मान खाली घालून म्हणालो, "नाना, चुकलो."

"तू एकट्याने नाय. मी पण चुकलंय." त्यांनी डबा पुढे ओढला. "वीस वर्षं वाटे घातले, पण कोणाक शिकवले नाय. ही कार्डं माझ्याशिवाय कोणाला कळत नाहीत. म्हणून त्या दिवशी एक हात माझ्या बाजूने आला नाही. येणार कसा? लोकांना वाटलं हा नानांचा छंद." डबा झाकून ते म्हणाले, "वाटे घालायचे तर माझ्या हाताने नाही. माझ्या हातात राहिले तर माझ्याबरोबर जातील."

"मग कोण घालणार?" शेठ म्हणाले.

"सावंतांचा चेडू. तिका कपाट दिसला होता."

स्नेहल आता शाळेत पीटी शिकवत होती. वर्षभर ती दर शनिवारी नानांकडे येऊन बसली. मी क्लबातून आकड्यांचा एक तक्ता करून दिला, भरपाई म्हणा हवं तर. तिने तो घेतला आणि प्रत्येक कार्डाच्या मागच्या बाजूला एक ओळ स्वतःची घातली: हा सध्या कुणाशी बोलत नाही. नानांनी ती ओळ वाचली आणि काकूंना म्हणाले, "आता माका बरा वाटला." दोन कप्तान पुटपुटले की बाई आमचे वाटे घालणार का. नानांनी त्यांना विचारलं, "तुमच्या घरी ताटात कोण वाढतं रे?"

संक्रांतीनंतरच्या शनिवारी सतरंजी पडली. आठही चाळी आल्या होत्या. स्नेहलने ढीग लावले, दोनदा मोडले, पुन्हा लावले. मग म्हणाली, "नाना, भिंतीकडे तुम्ही उभे राहा."

विजेता कप्तान बाजूला झाला. नाना उठले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. प्रेक्षकांची तोंडं वाचण्यात आयुष्य गेलेला माणूस, त्याच्यासमोर आता नुसता पिवळा पडलेला चुना होता. "ह्यो वाटो कोणाचो?" स्नेहलने विचारलं. नाना न वळता म्हणाले, "विठ्ठल सदन." पुढचा, पुढचा. सात नावं झाली. आठवा ढीग कुणाचा ते उघडच होतं, विचारायची गरज नव्हती. तरी तिने हात ठेवून विचारलं. मग नाना म्हणाले, "आमचो." काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या की रडत होत्या ते मला कळलं नाही. आठव्या ढिगात योगायोगाने रोहनचं कार्ड होतं.

त्या वर्षीच्या शिमग्याला नाना-काकू गावाला गेले आणि नाना शेवटपर्यंत तिथेच राहिले. त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या सहाव्या रविवारी; सातव्या रविवारी मी क्लबाच्या कामाने बाहेरगावी होतो.

मैदानाला पाय ठेवायला जागा नव्हती. मी रात्री सगळी गणितं करून ठेवली होती: सहा संघ अजून ढाल जिंकू शकत होते. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. कधी एकदा नानांना सांगतो असं मला झालं होतं. नेहमीच्या जागी पाहिलं तर नाना नाहीत. शोधलं तेव्हा ते गोविंद निवासच्या घोळक्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर सापडले. तोंड मैदानाकडे, दोन्ही मुठी गुडघ्यांवर. पँटीला क्लिप नव्हती.

मी समोर जाऊन उभा राहिलो. "नाना, विचारा ना किती जण आशेवर आहेत!"

"अरे सरक! कॉर्नर आसा!"

मी सरकलो. बॉल वर आला, रोहनने उडी मारली, डोकं लागलं आणि बॉल बारवरून बाहेर गेला. गोविंद निवास कपाळावर हात मारून हळहळला. आणि परबनाना, वीस वर्षं कुणासाठी न ओरडलेले परबनाना, खुर्चीवरून ताडकन उठले आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असे ओरडले, "खोली सतराऽऽ! बघतंस खंय रे!"